गडाखालचे किल्लेदार

किल्लेदारांना गडावरच्या राजांची नावं धड सांगता येत नसत. पण टाक्यातलं पाणी कोण भरायचं, दरवाज्यावर पहारा कुणाच्या घराचा, हे मात्र ते शेजारच्या घरातलं सांगावं तसं सांगत. उमेद होती तोवर बोटीवर खलाशी होते. म्हातारपणी खेड तालुक्यातल्या आपल्या गावी परतले आणि रोज सकाळी गड चढू लागले. पूर्वज वरच्या तोफेवर गोलंदाज, म्हणून गावाने त्यांना किल्लेदार केलं. गडावर उरलं होतं काय? एक दरवाजा, ढासळलेला तट आणि करवंदीच्या जाळ्या.

एकोणीसशे पन्नासनंतर मी त्या गावात मास्तर म्हणून गेलो. गड कुणी जिंकला, असं विचारलं की किल्लेदार म्हणत, "ते तुमच्या पुस्तकात असंल, गुरुजी. वर लाकडं कोण वाहायचा, ते मला इचारा."

शाळा देवळाच्या पडवीत भरत असे. इमारत बांधायची ठरली तेव्हा गावकरी म्हणाले, गडाचा दरवाजा पाडू, घडीव दगड आयता मिळेल. मीही मान डोलावली. मला शाळा हवी होती.

पहारी घेऊन वर गेलो, तर किल्लेदार उंबऱ्यावर बसलेले. आता भांडण होणार, असं वाटलं. ते खालच्या आवाजात म्हणाले, "शेवटच्या वेढ्यात हा दरवाजा आतनं उघडला. उघडणारा आमच्याच घरचा. गावानं त्याला फितूर ठरवला. पण आत पोरं उपाशी मरत होती, गुरुजी."

मग आमच्या हातातल्या पहारींकडे बघत ते म्हणाले,

"त्यानं पोरांसाठी उघडला, तुम्ही पोरांसाठी मागताय. मी नाय कसा म्हणू? घ्या." आणि गुडघ्यावर हात टेकून ते उठले, बाजूला झाले.

पण पहार घालायला हात कुणाचा उठेना. शेवटी गावच्या गवंड्याने आपली पहार खाली ठेवली आणि तो तटाचे पडलेले दगड गोळा करू लागला. मग आम्ही सगळेच लागलो. ओबडधोबड दगडांमुळे शाळा उभी राहायला दोन उन्हाळे जास्त लागले. पहिल्या दिवशी किल्लेदार आले, पोरांच्या मागे भिंतीला टेकून तासभर बसले आणि गेले. त्याच पावसाळ्यात ते वारले.

पुढे बदली होऊन मी कितीतरी शाळांत इतिहास शिकवला. 'किल्ला पडला' हे वाक्य पुस्तकात आलं की मी वाचन थांबवायचो आणि मुलांना विचारायचो, "त्या दिवशी आत कोण कोण असेल, सांगा बरं?"