बिघडलेल्या डाळीच्या पुड्या

डाळीचा दुसरा ट्रक गिऱ्हाइकाकडून परत आला तेव्हा मालक वाळवणाच्या ओट्यावरच्या बारा बायांकडे बघत म्हणाले, "तिसरा परत आला की ड्रायर मशीन बसवतो. मग यांचं इथं काय काम?"

मी लातूरच्या एका डाळमिलमध्ये प्रॉडक्शन बघतो. तूर भरडली की दाण्याचे दोन अख्खे भाग व्हायला हवेत. तुकडे पडले तर ती चुरी. आमचा माल चुरीने भरला होता. तुरीला पाणी किती, ऊन किती, हे ठरवायच्या गोदामावशी, ओट्यावरच्या मुकादमीण. दाणा दाढेखाली धरायच्या आणि सांगायच्या. आता गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे त्या शिरूर अनंतपाळला घरी होत्या.

मी गाफील नव्हतो. त्या जायच्या आधी महिनाभर वही घेऊन त्यांच्यामागे हिंडून मी एसओपी, म्हणजे कामाची लेखी पद्धत, तयार केली होती. लॅमिनेट करून भिंतीवर लावली होती. बाया त्याबरहुकूम काम करत होत्या. तरी चुरी.

शेवटी मूठभर तूर घेऊन शिरूर गाठलं. मावशींनी दाणा चावला.

"ही काढणीला पावसात सापडली हाय. हिला पाणी देऊ नका. एक ऊन कमी द्या."

"हे तुम्ही मला सांगितलंच नाही."

"तुमी निस्तं चांगल्या मालाचं इचारलं, सायेब. बिघडलेल्याचं कवा इचारलं?"

सुनेने आतून डबा आणला. कडुलिंबाच्या पाल्यात जपलेल्या पुड्या. प्रत्येकीत एकेका बिघडलेल्या मालाचे दाणे.

"ही ढगाळीतली. ही माझ्या घाईची, मालक आठ दिस बोलले न्हाईत. नव्या बाईला आधी ह्या चावायला देते."

माझी फूड टेक्नॉलॉजीची डिग्री त्या डब्यापुढे फिकी पडली. पण एक कळेना.

"मग आपल्या बायांना हे कळलं नाही?"

"कळलं आसंल की. पर भितीवर सायबाचा कागद हाय न्हवं."

परत येऊन बायांना विचारलं. एक खाली बघून म्हणाली, "हाव, चावल्यावर कळलं हुतं."

मावशींच्या सांगण्याप्रमाणे तूर वाळवली; तिसरा ट्रक परत आला नाही. बाया कामावर आहेत. भिंतीवरचा कागद मी स्वतः काढला. तिथे आता बिघडलेल्या मालाच्या बरण्या आहेत, कारण आणि बिघडवणाऱ्याचं नाव लिहून. पहिली माझी. मालक कुरकुरले, "चुकांचं प्रदर्शन कशाला?" आणि गेल्या महिन्यात गुपचूप स्वतःच एक ठेवून गेले. चिठ्ठीवर त्यांचंच अक्षर: 'पावसाची तूर. स्वस्त म्हणून घेतली. मी.'

पद्धत लिहून ठेवावी, जरूर ठेवावी. पण ती चुकतेय हे सांगायची सोय आधी करावी.