पऱ्हे वाढले

हवामान बदलाबद्दल बोलायच्या आमच्या स्टाफरूममध्ये दोनच तऱ्हा आहेत आणि मला दोन्हींचा वीट आलाय. एक सर चहात बिस्किट बुडवत म्हणतात, "सब खतम है मॅडम, आता काही होत नाही." दुसऱ्या मॅडम लगेच कळवळतात, "असं नका बोलू. लेकरं घाबरतात. सकारात्मक बोला." मी विज्ञान शिकवते, म्हणून त्या जुलैत व्याख्यान माझ्या गळ्यात पडलं आणि मी मुकाट दुसऱ्या गटात जाऊन बसले. गोंदियातल्या आमच्या शाळेच्या व्हरांड्यात उभं राहून मुलांना सांगितलं की झाडं लावू, पाणी वाचवू, सगळं ठीक होईल. टाळ्या पडल्या. मलाही फार छान वाटलं, लाज सोडून सांगते.

संध्याकाळी हे सगळं मी सासूबाईंना फोनवर ऐकवलं. त्या चिचगडच्या बाजूला, जंगलाला लागून असलेल्या आमच्या गावात राहतात. नवरा बाहेरगावी नोकरीला, मी शहरात, आणि पाच बांध्यांतलं, म्हणजे बांध घातलेल्या खाचरांतलं, धान त्या एकट्या पिकवतात. मी विचारलं, "आई, पऱ्हे कसे आहेत?" पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. आधी एका वाफ्यात दाट पेरायची, मग उपटून बांध्यांत रोवायची.

त्या म्हणाल्या, "पऱ्हे वाढले व."

"वा! मग रविवारी रोवणं उरकून टाकू. बायांना मीच सांगते."

 त्या एवढंच म्हणाल्या, "ये."

रविवारी सकाळी लाखोरीच्या डाळीचे वडे डब्यात भरून मी पोचले. सहा बाया आधीच येऊन धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसल्या होत्या. दोन दिवसांपूर्वी जोरदार पाऊस झाल्यानं बांध्या भरलेल्या, चिखल तयार. मी पदर खोचला आणि वाफ्याकडे गेले. वाफा करपून गेला होता. मूठभर पऱ्हे उपटले तर हातात नुसता चुरा आला. पेरल्यावर चार दिवस पाऊस, मग तीन आठवडे थेंब नाही. इतकं कोवळं रोप काय तग धरणार?

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या सासूबाई कधीच 'संपलं' म्हणत नाहीत. घरातलं मीठ संपत नाही, वाढतं. बांगडी फुटत नाही, वाढते. लग्नाला वीस वर्षं झाली, मला हे पाठ आहे. पण रोप वाढलं म्हटल्यावर मी जे ऐकायचं होतं तेच ऐकलं.

तळपायाची आग मस्तकात गेली. "आई, सरळ मेले म्हणून सांगायचं ना!"

"असं तोंडातून काहाडते का कोनी?"

"का नाही काढायचं?"

"बोललं का खरं होते."

"अहो, खरं झालंय ते! हे बघा, हातात आहे माझ्या!"

बाया माना खाली घालून ऐकत होत्या. सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तूच तं फोनवर सांगून राहिली होती, लेकराईले भेव दाखवाचा नाई, चांगलं चांगलं सांगाव मनून. मीनंही तुले चांगलंच सांगतलं."

 चपराक बसावी तसं झालं. व्हरांड्यात उभी राहून मीही शंभर पोरांना 'पऱ्हे वाढले'च सांगून आले होते.

बायांतली एक उठली. "मॅडम, मंग जाऊ का आमी?" उद्यापासून त्या पंधरा दिवस दुसऱ्या गावात रोवायला जाणार होत्या. म्हणजे आज नाही तर यंदा नाहीच. सासूबाई या घरात आल्यापासून या बांध्या एकदाही पडीत राहिल्या नव्हत्या. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. मला राग येत होता आणि रडूही येत होतं.

"आई, कुणाकडे पऱ्हे उरले असतील?"

"काकाजीकडं असतीन." काकाजी म्हणजे शेजारचे शेतकरी. त्यांचा वाफा बोडीच्या, म्हणजे त्यांच्या लहानशा तळ्याच्या, पाण्यावर जगलेला. "पन ते स्वतःहून देनार नाईत."

बरोबरच होतं. आमच्याकडे न मागता कुणी कुणाला पऱ्हे देत नाही. दिले तर 'तुझे मेले' असं तोंडावर म्हटल्यासारखं होतं. मागायला गेलं तर तेच आपल्या तोंडानं म्हणावं लागतं. मी म्हटलं, "मी जाते मागायला."

"तू कायले? वावर माहं हाय."

आणि त्या निघाल्या. मी मागोमाग. काकाजी उरलेले पऱ्हे उपटून बैलांसाठी एका बाजूला टाकत होते. आम्हाला बघून म्हणाले, "काऊन जी वैनी, रोवना चालू झाला ना?"

सासूबाई थेट त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मग इतक्या मोठ्यानं बोलल्या की पलीकडच्या बांधीतली माणसंसुद्धा वळून बघायला लागली. "मेले! आमचे पऱ्हे मेले. समदे. तुमच्यापाशी हायेत, मले द्या."

काकाजींच्या हातातली पेंढी हातातच राहिली. "आँ? तुमीच तं सांगतलं वाढले मनून! मी मनलं वैनीचे पऱ्हे आमच्याहून जोरात हायेत. चार दिसापासून बैलायले चारून राहिलो ना मी!"

घ्या! अख्ख्या गावानं माझ्यासारखंच ऐकलं होतं. चार दिवस आमचं धान बैल खात होते, एका गोड शब्दापायी. काकाजींनी उरलं होतं ते सगळं दिलं, वर स्वतः उपटू लागले. पण मोजून दोन बांध्या होतील एवढंच होतं. तीन बांध्या पडीत राहणार होत्या आणि त्यांना दुसरं काही नाव देण्यात अर्थ नव्हता.

दुपारपर्यंत आम्ही आठ जणी ओळीत वाकून रोवत होतो. कंबर मोडून आली होती. माझ्या शेजारी सासूबाई. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "तू शिकलेली हायेस. खरं सांग, पुढच्या साली तरी पानी बराबर येईन का?"

'येईल हो आई' ओठांपर्यंत आलं होतं. ते मी गिळलं. "नाही सांगता येत. असंच होईल कदाचित. याहून वाईटही होऊ शकतं."

मी रोवणं थांबवून उभी राहिले; मला वाटलं, आता त्या खचतील. त्यांनी कंबरेवर हात ठेवून पाठ सरळ केली. पलीकडच्या तीन रिकाम्या बांध्यांकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं.

"मंग पुढच्या साली पऱ्हे दोन जागी टाकू. एक आपल्या वावरात, एक काकाजीच्या बोडीपाशी. इकडचे मेले तं तिकडचे राहतीन." आवाज जराही खाली केला नाही त्यांनी. "अन् तू उभी कायले राहिली? वाक."