एकट्यानं वाचलेला कोर्स

शरणप्पाकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी नवी पेठेत लेकीसाठी शाळेचे बूट बघत होते. फोन आमच्या कारखान्याच्या टेंभुर्णीच्या गोदामातून होता. सकाळी बसमधून उतरले, गोदामाच्या पायरीवर टेकले, पाणी मागितलं आणि... तेवढंच. सत्तावन्नाचे होते. दुकानदार एक नंबर मोठा देऊ का विचारत होता, मी हो म्हटलं. काय घेतलं ते घरी पिशवी उघडेपर्यंत मला माहीत नव्हतं. त्याला आता पाच आठवडे झाले. माणूस गेल्यावर त्याच्याविषयी चांगलं लिहितात, तसं मी लिहिणारच आहे. पण त्यात माझंही येणार आहे, आणि ते चांगलं नाही.

सोलापुरातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी एचआर बघते. माल परदेशात जातो, म्हणून दरवर्षी प्रत्येक कामगारानं कॉम्प्युटरवर एक कोर्स करायचा असतो. लाच घेऊ नका, खोट्या सह्या करू नका, काही वावगं दिसलं तर या नंबरवर कळवा, असं सगळं. शेवटी प्रश्न आणि पास झालं की सर्टिफिकेट. आता खरं सांगते, हा कोर्स आमच्याकडे कुणीच करत नव्हतं. सगळ्यांचे पासवर्ड माझ्या वहीत असायचे. चहा पीत पीत मी एकेकाच्या नावानं ‘पुढे, पुढे’ दाबत जायची. उत्तरं तोंडपाठ होती, प्रश्न वाचायची गरजच पडायची नाही. सचोटीच्या परीक्षेत अख्खा कारखाना मी एकटीनं पास करून टाकायची, आणि यात काही चुकतंय असं मला एकदाही वाटलं नाही.

शरणप्पाकाका रंगखात्यात होते. मूळचे अक्कलकोटकडचे, घरात कानडी, बाहेर आपली मराठी, नखांत कायम निळा रंग. तीन वर्षांपूर्वी ते माझ्या दारात येऊन उभे राहिले. “म्याडम, माजं तुमी करू नगा. मी वाचतो.”

“काका, नुसतं पुढे पुढे दाबायचं असतं हो.”

“मग एवढं लिवलंय कशाला?”

मी कॉम्प्युटर सुरू केला. दिली खुर्ची. रोज जेवणाच्या सुट्टीत ते यायचे, चष्मा लावायचे आणि स्क्रीनवर बोट ठेवून एकेक ओळ वाचायचे. ती कोर्सातली मराठीही अशी की कुणाचंही डोकं दुखावं. ‘हितसंबंधांचा संघर्ष’ म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, समजा तुमच्या मेव्हण्याचं दुकान आहे आणि कारखान्याचा माल तुम्ही तिथूनच घेता. काका म्हणाले, “म्हंजे आपल्या सायबांचं हाय तसं की.” मी पोट धरून हसले. अकरा दिवस हे चाललं. ते गेले की त्यांच्या बोटाचा डाग स्क्रीनवर राहायचा आणि मी वैतागून फडक्यानं पुसायची. पास झाले तेव्हा सर्टिफिकेट त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं. मला तेव्हा गंमत वाटली होती.

त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी वरच्या ऑफिसला निनावी तक्रार गेली. रंगखात्यात ओला माल पिळायचं मशीन आहे. झाकण उघडलं की ते थांबावं म्हणून त्याला एक स्विच असतो, तो काम लवकर उरकावं म्हणून तारेनं बांधून ठेवलेला. एखाद्याचा हात खांद्यापासून गेला असता. तपासायला माणसं आली, तार निघाली, साहेबांना वरून बोलणी बसली. मग साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. “हा नंबर इथं माहीत तरी कुणाला आहे?”

आणि मी हसत बोलून गेले, “साहेब, तो कोर्स अख्ख्या कारखान्यात एकट्या शरणप्पाकाकांनी वाचलाय.”

साहेब हसले नाहीत. तोंडातून शब्द गेला आणि आपण काय केलं ते कळलं, पण आता काय... आठवड्याभरात काकांची टेंभुर्णीला बदली झाली. रोज जाऊन-येऊन चार तास बस, तेही गुडघे धरलेल्या माणसाला. बदलीची ऑर्डर मीच टाइप केली.

शेवटचे भेटले ते एसटी स्टँडवर, गेल्या दिवाळीच्या आधी. खूप वाळले होते. माझी विचारपूस केली, लेक कितवीत ते विचारलं. मग म्हणाले, “म्याडम, येक इचारू का? कोर्समदी लिवलेलं हुतं, नाव भाईर जात न्हाय. मग माजं कसं गेलं?”

सांगायची तीच वेळ होती. मी म्हटलं, “सिस्टीममधूनच गेलं असेल, काका.”

ते मान हलवत राहिले. “म्हंजे ते लिवलेलंच खोटं हुतं म्हना.” बस लागली आणि ते गेले. बदलीचं दुःख त्यांनी सोसलं असतं. अकरा दिवस बोट ठेवून ज्यावर विश्वास ठेवला तेच खोटं, असं समजून तो माणूस गेला, आणि तसं समजायला मी लावलं.

काका गेल्यावर भेटायला त्यांच्या घरी गेले तेव्हा काकूंनी “बर्री, या, बसा” म्हणून सतरंजी टाकली. भिंतीवर खिळा होता, खाली चौकोनी डाग. सर्टिफिकेट काकांनी बदलीनंतर नाही, त्या दिवाळीत काढून ठेवलं, असं काकू म्हणाल्या. मग मला राहवलं नाही. सगळं सांगितलं, केबिनमधलं आणि स्टँडवरचंही. त्या रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. पदर सारखा करत एवढंच म्हणाल्या, “त्यानला सांगायचं हुतं की.”

यंदाचा कोर्स परवा सुरू झाला. यादीत काकांचं नाव तसंच आहे. ‘प्रशिक्षण अपूर्ण’ म्हणून त्यांच्या नावानं स्मरणपत्र निघतं आणि त्याची प्रत मला येते. नाव काढायचं काम माझंच. काढायला म्हणून यादी उघडली आणि त्यांच्या नावाचा कोर्सच वाचत बसले, ओळीवर बोट ठेवून. चौदाव्या प्रश्नाशी बोट थांबलं. ‘तक्रार करणाऱ्याचे नाव उघड झाल्याचे तुम्हाला कळले तर तुम्ही काय कराल?’

उत्तर ‘ब’. आजवर शेकडो जणांच्या नावानं मी ते दाबलंय. ‘ब’ समोर काय लिहिलंय ते परवा पहिल्यांदा वाचलं. ‘जे घडले ते त्या व्यक्तीला ताबडतोब सांगेन.’

बोट उचललं तेव्हा स्क्रीनवर डाग पडला होता. फडकं तिथंच होतं. मी तो पुसला नाही.