बातमीचा पेढा

हासाजी अष्टमकर गोडाला नाही म्हणालेला पेणेत कुणी पाहिला नव्हता. पोह्याच्या गिरणीत उभा जन्म काढलेला हा माणूस अंगानं किरकोळ, पण खायला बसला की वाढणाऱ्याचा कस लागायचा. घर बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, त्यामुळे मटण खाल्लं की पुढे बराच वेळ दुधाचं काही चालत नसे. त्यावर हासाजीनं तोड काढली होती. घरी मटण शिजलेलं असावं आणि शेजारी पेढे वाटायचे असावेत, की हा मटणाला लांबूनच हात जोडून वरणभात जेवायचा. त्यांच्या नव्या वर्षाला नाओमी नारळाच्या दुधात गव्हाच्या चिकाचा हलवा आटवायची. तो आळीभर वाटायला हासाजीच जायचा, आणि प्रत्येक घरी त्यातली एक वडी स्वतः खाऊन यायचा. याला वाटप म्हणायचं की चरणं, असं नाओमी विचारायची.

मग साखरेनं त्याला गाठलं. एक्क्याण्णव साली पायात खिळा गेला, जखम चिघळली आणि डाव्या पायाची करंगळी काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, आता जपा, नाहीतर पुढचं मी सांगत नाही. डॉक्टरांनी सांगितलं नाही ते नाओमीला बरोबर ऐकू आलं.

नाओमी बाई जरबेची. ती दुसऱ्याच दिवशी आळीत घरोघर गेली आणि म्हणाली, "यांना गोडाचा कण जरी दिलात, तरी माझ्या गळ्याची शपथ." पेणेत शब्द मोडणारे पुष्कळ असतील, पण नाओमीला दिलेला शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती.

हासाजी आधी चिडला, मग रुसला, मग गप्प झाला. गोळ्या चालू होत्या, रोजचं चालणं चालू होतं, साखर उतरली, जखम भरली. डॉक्टर खूश, नाओमी खूश. हासाजी मात्र आतून सुकत चालला होता. त्याला वाटायचं, गोड नाही म्हणून असं होतंय. माणसाला आपलं दुखणं नेहमी बरोबर कळतंच असं नाही.

त्याचा जिवाभावाचा मित्र म्हणजे जनू, आगरी, मिठागरावर राबून काळा पडलेला. जनूच्या मुलाचं, महिपतीचं, लग्न हासाजीनंच जमवलं होतं. मुलगी सरू अष्टमीची, हासाजीच्या वाडवडिलांच्या गावची. लग्न झालं, पण वर्षांमागून वर्षं गेली तरी पाळणा हलेना. जनूची बायको धोंडुबाई सुनेला टाकून बोलायची, आणि तो प्रत्येक शब्द हासाजीला लागायचा. मुलगी त्यानं दाखवलेली ना! शेवटी चौऱ्याण्णव साली सरूला दिवस गेले. ती बाळंतपणाला माहेरी निघाली तेव्हा एस्टीत रुमाल टाकून खिडकीची जागा धरायला हासाजीच गेला होता.

त्यानंतर तो वाट बघत राहिला. दिवस भरून गेले असणार, तरी काही कळेना. जनू दिसायचा, पण रस्त्याच्या पलीकडून. एकदा हासाजीनं गाठून विचारलं, "काय रे, कळलं का काय?" तर जनू म्हणाला, "कळंल, कळंल," आणि धोतर सावरत चालता झाला. पोराचं काही बरंवाईट झालं असेल आणि जनूला ते तोंडातून काढवत नसेल, असं हासाजीच्या मनानं घेतलं. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. मग नाओमीला काहीबाही सांगून तो रोह्याच्या एस्टीत बसला.

रोह्याला उतरून कुंडलिकेचा पूल ओलांडला आणि तो पलीकडच्या अष्टमीत शिरला. सरूच्या घरासमोर आला तर अंगणात दोरीवर दुपटी वाळत घातलेली. ओळीनं, इवली इवली. हासाजी तिथंच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला.

सरूनं बाहेर येऊन बाळ त्याच्या मांडीवर दिलं. मुलगी होती. डोकंभर जावळ, मुठी घट्ट.

"मनस्वी नाव ठेवलंय," सरू म्हणाली. "काका, बारशाला वाट बघितली तुमची. मामंजी बोलले, तुम्हाला जमनार नाय."

बारसं होऊन गेलेलं! हासाजीनं बाळाच्या कपाळाला ओठ लावले, हसून निरोप घेतला. पण परतीच्या गाडीत त्याचं रक्त नुसतं उकळत होतं. पेणेला उतरला तो घरी न जाता थेट जनूच्या ओटीवर गेला.

"नात झाली तुला?"

जनूनं मान खाली घातली. "व्हय."

"कुणी मेलं असतं तर आला असतास ना रे सांगायला?"

"आलो असतो."

"मग हे का नाय सांगितलंस?"

आतून धोंडुबाई बाहेर आली. "भावजी, नवसाचं पोर हाय. त्याची बातमी रिकाम्या हातानं कशी सांगायची? आन् हातात पेढा घेऊन यायचं, तर नाओमीला शबूद दिलेला. रोज निघायचं आन् दारातूनच मागं फिरायचं, असं चाललंय यांचं."

हासाजीचा राग जागच्या जागी थंड झाला. गेल्या तीन वर्षांत आपल्या दारी कोण कोण आलं, ते तो आठवू लागला. आळीतला काळुराम वारला, तेव्हा तासाभरात माणूस दारात. खाडीचा बांध फुटला, तेव्हाही. गिरणी बंद पडली, तेव्हाही. पण कुणाचा मुलगा कंपनीत लागला, कुणाची मुलगी पास झाली, कुणाचं लग्न ठरलं, हे सगळं त्याला रस्त्यात, उडत उडत, शिळं होऊन कळलं होतं.

"माझ्या दारी वायटच बातम्या येतात रे जनू," तो म्हणाला. "त्यांना पेढा लागत नाय."

हेच वाक्य त्यानं घरी जाऊन नाओमीलाही ऐकवलं. ती उसळली. "बोट कापलं तेव्हा उशाशी कोण होतं? पेढे वाटणारे होते का?" ती म्हणत होती ते खरंच होतं. पण संध्याकाळी ती एकटीच डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर म्हणाले, "बाई, एखाद्या वेळी पाव पेढा चालेल, त्या जेवणात भात कमी करा. रोज नको, एवढंच. मी गोड तोडा म्हणालो होतो, माणसं तोडा कधी म्हणालो?"

ती तिथूनच धोंडुबाईकडे गेली आणि आपली शपथ मागे घेतली.

सकाळी जनू आला. धुतलेला सदरा, हातात पुडा. मुलगी झाली की बर्फी वाटायची अशी रीत, पण यानं पेढेच आणले होते. उंबऱ्यातच उभा राहून तो ओरडला, "हासाजी, नात झाली रे मला!"

"काय सांगतोस!" हासाजी उठून उभा राहिला. त्याला खरंच आत्ताच कळल्यासारखं झालं होतं.

नाओमीनं सुरीनं एका पेढ्याचे चार भाग केले आणि एक हासाजीच्या तळहातावर ठेवला. एका घासात चार पेढे संपवणारा हा माणूस, तो पाव तुकडा जिभेवर ठेवून डोळे मिटून बसला. वेलची लागली, खवा थोडा जास्त भाजल्याचं कळलं. एवढं सगळं पेढ्यात असतं, हे त्याला उभ्या जन्मात माहीत नव्हतं.

डोळे उघडले तर समोर नाओमी. दुसरा तुकडा तिनं तोंडात टाकला होता आणि ती भिंतीला टेकून अगदी हळू चघळत होती. तिचे डोळे भरून आले होते.

"तू कधीपासून नाय खाल्लंस गो?" हासाजीनं विचारलं.

"तुमचं बंद झालं तेव्हापासून."

हासाजी खजील झाला. तीन वर्षं आळीतल्या प्रत्येक घरचं ताट त्याला दिसलं होतं. समोर बसून जेवणाऱ्या बायकोचं तेवढं दिसलं नव्हतं. त्यानं पुड्यातला एक अख्खा पेढा काढला, तिच्या हातावर ठेवला आणि तो खाऊन होईपर्यंत तिच्याकडे बघत राहिला.