कमानीमागे कमान

संग्रहालयात जुन्या युरोपी नाटकाच्या नेपथ्याचं एक चित्र होतं. दगडी खांब, कमानीमागे कमान, नजर पोचेल तिथवर गेलेला महाल.

पूर्वी नाटकांत राणीची कामं करणारी माझी सुमाताई म्हणाली, "यात आत जाता येत नाही रे. लांब वाटावेत म्हणून मागचे खांब बुटके करतात. राणी तिथे गेली, तर खांबांपेक्षा उंच दिसेल आणि महालाचं पितळ उघडं पडेल. म्हणून तिनं पुढेच उभं राहायचं."

एवढ्या कमानी, आणि एकही तिच्यासाठी नाही!

"चल, ह्यांच्या चहाची वेळ झाली," ताई पदर सावरत म्हणाली.

तिच्या सासरच्या बंगल्यात खोल्यांमागे खोल्या आहेत. मी कधीही गेलो तरी ती स्वयंपाकघरातच भेटते.