रुसता न येणारी विहीण

या, अशा दारात उभ्या राहू नका, जवळ सरका. आणि तो मोबाईल आधी पालथा ठेवा बघू! दिवसभर कोण कुणावर ओरडलं ते बघून बघून तुमच्या कपाळाला आठ्या पडल्यात, त्या आता इस्त्रीनंही जायच्या नाहीत. तुम्हाला एकदा माझ्या विहिणीकडं, देगलूरला पाठवलं पाहिजे. अख्ख्या मराठवाड्यात रुसता न येणारी विहीण एकच, आणि ती नेमकी माझ्या वाट्याला आली.

मी औशाची. आमच्यात लग्न विहारात, साधं. पण मानपान कधी साधं असतं होय? लेकीच्या लग्नात विहीण रुसणार हे धरूनच मी चाललेले. तिची समजूत काढायला कुणी जायचं, लाडवाचं ताट कुणी न्यायचं, सगळं ठरवून ठेवलेलं. गडबडीत तिची मानाची साडी गेली स्वयंपाकीणबाईच्या पिशवीत! माझ्या तोंडचं पाणी पळालं. तर ही म्हणते कशी, "असू द्या हो ईनबाई, त्यांच्या रंगाला लई खुलून दिसंल." आणि जेवणाच्या पंगतीआधी स्वयंपाकीणबाईला ती साडी नेसून यायला लावलं. माझी सगळी तयारी वाया. असल्या बाईशी जन्मभर भांडायचं तरी कशावरून?

सकाळ-संध्याकाळ पंचशील आम्हीही म्हणतो. पण आमचं म्हणून झालं की संपतं, हिचं तिथून सुरू होतं. घरात उंदीर झाले तेव्हा हिनं पिंजरा लावला, आणि सापडलेला उंदीर पिंजऱ्यासकट एस.टी.त बसवून पुढच्या गावच्या शिवारात सोडून आली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, ह्याचं तिकीट?" ही म्हणाली, "ल्हान हाय, अर्धं द्या." टीव्हीवर बातम्या सांगणारा ओरडायला लागला की ही आवाज बंद करते आणि त्याच्याकडं मायेनं बघत राहते. "घसा बसंल लेकराचा," म्हणते. मी कपाळावर हात मारून घेते.

माझा जावई, म्हणजे तिचा एकुलता लेक, फौजेत. मागं सीमेवर तापलं, देशभर जो तो पेटून उठला, आणि नेमका तेव्हाच जावयाचा फोन लागेना. मी लेकीच्या सोबतीला देगलूरला गेले. लेक सारखा नंबर फिरवायची. मी घटकेघटकेला फोन बघायची. विहीण शांतपणे तांदूळ निवडत होती. पण खडे पातेल्यात टाकत होती आणि तांदूळ खाली, हे मी पाहिलं.

तेवढ्यात गल्लीतली पोरं झेंडे घेऊन दारात आली. "मावशी, तुमचा लेक बॉर्डरवर हाय. मोर्चात पुढं तुम्हीच पाहिजे."

"कुठवर जायचं हाय?"

"बाजारात. त्या बांगडीवाल्या चाचाचं दुकान कायमचं बंद करायचंय. ह्या लोकांचं आता काय बी ठेवायचं न्हाई."

चाचा म्हणजे बापापासून बांगड्या भरणारा माणूस. माझ्या लेकीचा लग्नातला चुडा विहिणीनं त्याच्याकडूनच भरवलेला. हैदराबादेहून माल आणायचा, एवढाच त्याचा जन्मभराचा प्रवास. त्याचा नि सीमेचा काय संबंध? मला वाटलं, विहीण पोरांना वाटेला लावील. तर ही चप्पल घालून निघाली! हिच्यावरचा माझा भरवसाच उडाला. मी नि लेक निघालो मागून, मी गुडघे धरत.

चाचा शटर ओढतच होता. विहीण मोर्चातून सरळ पायरी चढली, गादीवर बसली आणि हात पुढं केला. "भर. हिरव्या."

"बहनजी, आज नको," चाचा हळूच म्हणाला. "घरी जा. हे लोक..."

"हे लोक माझ्यासंगंच आलेत. बस खाली."

मागून एक पोरगा ओरडला, "मावशी, हे काय करून राहिल्या?"

"दिसंना का? हात दिलाय. बाई बांगड्या भरताना वरडायचं असतं का रे? तुझी माय कुठाय? बोलव तिला, तिचे बी हात भुंडे हाईत."

चाचाचं अर्धं लक्ष मोर्चाकडं. एक बांगडी तडकली, काच मनगटात घुसली, रक्त आलं. रक्त बघून मोर्चा पुढं सरकला. आता कुणी एक दगड उचलायचीच खोटी होती. फुटली न म्हणता विहीण म्हणाली, "वाढली. दुसरी घाल, दमानं." माझी लेक पायरीवर जाऊन बसली, तिच्या शेजारी मी. मग बाजाराला आलेल्या आणखी बाया आल्या. ओरडणाऱ्या पोराची आई खरंच आली आणि त्यालाच म्हणाली, "सरक मेल्या, उजेड अडवून राहिला."

बांगड्या भरणाऱ्याला नमस्कार केल्याशिवाय आपल्याकडं बाई उठत नाही. हिनं रक्ताचा तो हात दुसऱ्या हाताला जोडला आणि सगळ्या मोर्चासमोर चाचाला वाकून नमस्कार केला. मग वळली. तिचा चढलेला आवाज मी जन्मात पहिल्यांदा ऐकला.

"माझा लेक तिकडं हुबा हाय. त्याचं नाव घेऊन हितं कुणाचं दुकान फोडायचं न्हाई. त्यो ह्याच्यासाठी बी हुबा हाय!"

एकेक झेंडा खाली आला, पोरं पांगली. शटर संध्याकाळपर्यंत उघडं होतं. माझी ईन, ही माझी ईन, असं बाजारभर सांगत सुटावंसं वाटलं मला. दोन-चार जणींना सांगितलंही.

घरी आल्यावर मात्र तिला चहाची कपबशी धरवेना. "लई राग आलता हो ईनबाई," ती म्हणाली. "तिकडच्यांचा बी, ह्या पोरांचा बी. गिळता गिळंना." मी बशी तिच्या तोंडाला लावली.

पुढं जावयाचा फोन आला. मला वाटलं, आता सगळं सांगेल. हिनं फक्त "जेवलास का" विचारलं, आणि तिकडून फोन बंद झाल्यावरही तो कानाला तसाच धरून बसली.

आता माझी लेक नवऱ्याजवळ क्वार्टरवर राहते, नि विहीण घरात एकटी. वंदनेला बसली की उठायला तिला भिंतीचा आधार लागतो. मलाही अलीकडं एस.टी.ची पायरी उंच झालीय, औशाहून देगलूरला मनात येईल तेव्हा जाणं होत नाही. गेले की आम्ही दोघी एकदा तरी भांडायचा प्रयत्न करतो, पण मध्येच तिला हसू येतं. स्वतःहून ती कुणाला "या" म्हणायची नाही, कुणाला त्रास नको म्हणून. म्हणून मीच म्हणते. तिच्याकडं जाऊन या हो. आणि फार दिवस लावू नका.