मशीनची डावी बाजू

पिराजीमामा आमच्या चारा संघाचे शिपाई. त्याआधी जनावरांच्या दवाखान्यात होते, आणि तो दवाखाना त्यांच्या अंगातून कधी गेलाच नाही. सत्त्याऐंशीच्या दुष्काळात संघानं चार कॉम्प्युटर घेतले. धाराशिव, येडशी, तामलवाडी आणि जळकोट. या चारींना जोडणारी तार नव्हती. तार म्हणजे पिराजीमामा आणि एसटी.

पुण्याहून प्रोग्रामची नवी फ्लॉपी आली की ती छातीशी धरून ते निघत. चारही मशीनांत एकाच दिवशी नवं गेलं पाहिजे, असा धाराशिवच्या ऑफिसातल्या साहेबांचा हुकूम. मामा त्याला डोस म्हणत. लस टोचलेल्या बैलाच्या डाव्या शिंगावर ओढावी, तशी कावेची लाल रेघ ते मशीनवर ओढत, म्हणजे दुबार डोस नको. संघाची मालमत्ता रंगवल्याबद्दल त्यांना मेमो मिळाला. पण वहीत ‘झाले’ लिहायला साहेब त्या रेघेचाच आधार घेत.

जळकोटचा कारकून मी, महालिंगप्पा. मामांचा शेवटचा मुक्काम माझ्याकडं. एकदा ते नवी फ्लॉपी घेऊन आले त्या दिवशी वीज नव्हती आणि त्यांची परतीची गाडी निघत होती.

“आप्पा, लाईट आली की डोस घाला, मग डाव्या अंगाला रेघ ओढा,” म्हणाले आणि फ्लॉपी ठेवून गेले.

लाईट आली. पण त्या काळ्या पडद्याची मला धडकीच भरायची. उद्या बघू म्हटलं आणि रेघ तेवढी ओढली. तो उद्या काही आला नाही.

आता गंमत बघा. जुन्या प्रोग्रामात ‘एम’ म्हणजे म्हैसही आणि मेंढीही, त्यामुळं मेंढ्या म्हशींचा चारा खात होत्या. नव्यात ‘एम’ फक्त मेंढी, म्हैस ‘बी’. माझ्या यादीतल्या म्हशी ‘एम’ म्हणूनच धाराशिवला गेल्या आणि चारा ठरवणाऱ्या तिथल्या मशीननं त्यांच्या मेंढ्या केल्या. जळकोटच्या दोनशे म्हशींना कडब्याची एकेक पेंढी आली.

त्यात मामांच्या बहिणीची, मालनबाईची, एकुलती एक म्हैस होती. आठ दिवसांत ती बसली ती उठेना.

मामा साहेबांकडं गेले. साहेबांनी वही दाखवली. “जळकोटच्या मशीनात नवं गेलंय. तिथं मेंढ्याच असणार.”

“साहेब, म्या त्या मेंढीच्या पाठीवर बसून तळ्यावर गेल्तो.”

“मग अर्ज द्या. दुबार डोसला मंजुरी लागते. महिना जाईल.”

म्हैस महिना काढणार नव्हती. मामा थेट जळकोटला आले आणि मशीनपुढं उभे राहिले. मी रेघ माझ्या डावीकडं ओढली होती.

“आप्पा, डावी बाजू जनावराची धरत्यात, आपली न्हाय.”

डोस घातलाच नव्हता, हे मी सांगून टाकलं. मामांनी ओल्या फडक्यानं रेघ पुसली. “आता रेघ न्हाय, म्हंजी डोसच झाल्याला न्हाय. घाला.”

अर्ध्या तासात म्हशी पुन्हा म्हशी झाल्या. नवी यादी मामा धाराशिवला घेऊन गेले, चारा आला आणि चौथ्या दिवशी मालनबाईची म्हैस उठली. मामांना दुसरा मेमो आला, खूण पुसल्याबद्दल. खोटी रेघ कुणाची, या प्रश्नापुढं त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. मी ते नाव तसंच राहू दिलं. त्याची लाज अजून वाटते.

म्हैस व्याली तेव्हा मामा खरवस घेऊन ऑफिसात आले. मी वाटी बाजूला सरकवली.

“खावा आप्पा,” मामा म्हणाले. “मेंढीचा न्हाय.”